मिरगाआधी घराची तयारी: वीज, पूर, भिंत, विहीर (आकड्यांसकट बोला)

धानबांदी

मे महिना लागला की तीच यादी फिरू लागते: टॉर्च, शिट्टी, बिस्किटं, तीन दिवसांचं पिण्याचं पाणी. ती यादी फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे घरात ढोलीभर धान असतं, चूल असते, सांधवाडीत भाजी असते. विदर्भाच्या खेड्यात पावसाळ्यात माणूस उपाशी मरत नाही. मरतो तो रोवणीत वीज पडून, रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) ओलांडताना, रात्री मातीची भिंत अंगावर येऊन, नाहीतर खाली अंथरलेल्या वाकळीवर मण्यार चावून. त्यामुळे तयारीही याच गोष्टींची हवी.

हा धागा त्यासाठी. एकच विनंती, "आमच्या मामाच्या गावाला एकदा" असं नको. काय करायचं, किती, कसं आणि कुठं फसतं, एवढंच लिहा. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचा पूर वेगळा, यवतमाळ-वाशीमचा वेगळा, तेव्हा कुठल्या भागाबद्दल बोलताय तेही सांगा.

गडगडाट

विजेपासून सुरू करतो, कारण पुरासारखी आदल्या दिवशी सूचना इथं मिळत नाही.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. लखलखल्यापासून मोजायला लागा. ३० मोजायच्या आत गडगडलं तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या बांदीत (धानाच्या शेतात) पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं परत शेतात उतरायचं नाही. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी नाही. बरेच जण पाऊस उघडल्यावर घाईनं परत जातात आणि ढगाच्या मागच्या कडेला सापडतात.

पण हा ३० चा नियम पक्कं घर पाच मिनिटांवर असेल तरच कामाचा. ढग ताशी ३०-४० किलोमीटरनं येतो, म्हणजे १० किलोमीटर १५-२० मिनिटांत. तुमची बांदी गावापासून १५ मिनिटं चालत असेल तर पहिला गडगडाट कानावर आला की निघायचं, मोजत बसायचं नाही. रोवणीला बायांचा जथा नेणाऱ्यानं हे सकाळीच ठरवून ठेवावं: कुठं जायचं, वाट कोणती, पोचायला किती मिनिटं.

झाडाखाली का नको? वीज झाडावर पडते, तिथून जवळच्या माणसावर उडी घेते, आणि उरलेली मुळांच्या आसपास जमिनीत पसरते. जमिनीतून पसरणारी ही वीज सगळ्यात जास्त जणांना गाठते. दोन पायांत अंतर असलं की एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. झाडाखाली बांधलेली सगळी जनावरं एकदम मरतात ती यामुळंच; त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त आणि छाती मधोमध. उघड्यावर अडकलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका, आणि एकमेकांपासून १०-१५ मीटर लांब पांगा. हा शेवटचा उपाय. यानं धोका कमी होतो, जात नाही.

चारही बाजूंनी उघडं टिनाचं शेड आसरा नव्हे. बिना केबिनचा ट्रॅक्टरही नव्हे. पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली जीप चालते. आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेपासून लांब राहा. तारेवर कुठंही वीज पडली तर ती कुंपणभर धावते.

चिल्लर

मोबाईल बंद करा लागते का जी? व्हॉट्सॲपवर त आलं का मोबाईलमुळंच वीज पडते म्हणून.

गडगडाट

@चिल्लर, नाही. हातातला मोबाईल वीज ओढत नाही. चार्जरला लावलेला मोबाईल कानाला लावू नये, कारण वीज लाईनमधून घरात येते. टीव्ही, डिश, कूलर, मोटर स्टार्टर यांचे प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही.

मोबाईल उलट चालूच ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यात पडणाऱ्या विजा दाखवतं. दोन ठिकाणी फसतं: लोकेशन बंद असलं तर, आणि डेटा नसला तर. गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडे बऱ्याच गावांत टॉवर नसतो, तिथं मीडियम वेव्ह रेडिओ ठेवा. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला की प्रत्येक विजेला 'खर्र' होतं. खरखर दाट होत गेली की ढग जवळ येतोय.

अजून एक. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास नसेल तर लगेच छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब द्या, ५ सेंटिमीटर खोल, आणि १०८ येईपर्यंत थांबू नका. चार जण पडले असतील तर कण्हणाऱ्याकडे नंतर जा, जो निपचित आहे त्याच्याकडे आधी. शेणात पुरणं वगैरे प्रकारात ती मोलाची मिनिटं जातात.

वैनगंगाकाठ

भंडारा, पवनी, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी पट्ट्यासाठी.

इथं पूर आपल्या पावसानं येतो असं धरून चालू नका. वैनगंगेचं पाणी मध्य प्रदेशातून येतं. शिवनी जिल्ह्यातलं संजय सरोवर धरण भरलं, बावनथडी धरण भरलं, वरून सोडलं, की पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे उघडावे लागतात. ऑगस्ट २०२० च्या शेवटी हेच झालं. गावात मोठा पाऊस नसताना गावं बुडाली. तेव्हा आभाळ बघू नका, वरच्या धरणांचे आकडे बघा.

ते वाचताना दोन घोटाळे होतात.

पहिला, क्युसेक आणि क्युमेक. १ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. 'दहा हजारांचा विसर्ग' हा निरोप ग्रुपवर फिरताना एकक गळून पडतं. दहा हजार क्युसेक म्हणजे गोसीखुर्दसाठी किरकोळ. दहा हजार क्युमेक म्हणजे साडेतीन लाख क्युसेक, तेव्हा घर सोडायचं. एकक नसलेला निरोप पुढं पाठवू नका.

दुसरा, 'दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले'. यावरून पाणी किती ते कळत नाही. धरणाची पातळी जितकी वर तितकं त्याच फटीतून जास्त पाणी जातं. विसर्गाचाच आकडा पाहिजे.

आता घरासाठी काम. गावात मागच्या मोठ्या पुराचा डाग कुणाच्या तरी भिंतीवर असतोच. प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून (राजमिस्त्री लेव्हल काढतात तशी) तो डाग आपल्या भिंतीवर उतरवा आणि ऑइलपेंटनं रेघ मारा. मग ठरवा: धान्य, बियाणं, खत, कागद या रेघेच्या किमान दोन फूट वर जाईल अशी जागा घरात आहे का? नसेल तर माळा आताच ठोका. पाणी अंगणात आल्यावर ५० किलोची गोणी उचलायला दोन माणसं मिळत नाहीत.

आणि नाल्याकाठच्यांनो, नदी दोन किलोमीटर लांब आहे म्हणून निवांत राहू नका. नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं मागं येतं. आपण त्याला दाब म्हणतो. हे पाणी वाहत येत नाही, गुपचूप चढतं, आणि गावातून निघायचा रपटा सगळ्यात आधी बुडवतं. घर कोरडं, रस्ता बंद. म्हणून निघायची वेळ घरावरून ठरवू नका, रपट्यावरून ठरवा.

पूसकाठ

यवतमाळ, वाशीमकडे वरचं लागू नाही. इसापूर धरणाचा विसर्ग पैनगंगेकाठच्या उमरखेडच्या गावांना बघावा लागतो, ते खरं. पण पूस, अरुणावती, अडाण यांना मिळणाऱ्या ओढ्यांना वरून कुणी फोन करत नाही. काळी माती एकदा फुगली की पाणी जिरवत नाही, सगळं वाहून येतं. जुलै २०२३ ला महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक पाण्यात अडकले, हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. नागपूर जिल्ह्यातलं मोवाड तर सगळ्यांना माहीत आहे: ३० जुलै १९९१, वर्धा नदी, दोनशेवर माणसं.

इथं पर्जन्यमापक पाहिजे, तोही आपला. सरकारी मापक महसूल मंडळाला एक असतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. पण तो मापक तुमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर असू शकतो. सरळ उभ्या कडांचा डबा घ्या (बुड आणि तोंड सारख्याच रुंदीचं, बादली नको), उघड्यावर ठेवा, आत स्टीलची पट्टी. जेवढे मिलिमीटर पाणी तेवढा पाऊस. १०० मिलिमीटर म्हणजे एकरावर चार लाख लिटर. ओढ्याच्या वर किती एकर उतार आहे त्याचा अंदाज घ्या म्हणजे दोन तासांत काय येणार ते कळेल.

जमीन आधीच भिजलेली असताना रात्री दोन तासांत डबा ७०-८० दाखवत असेल तर ओढ्याकाठच्या घरांनी झोपायचं नाही. लांब जाऊ नका, उंचावरच्या शाळेत जा.

रपट्याबद्दल: गुडघ्याएवढं वेगाचं पाणी माणसाचा पाय उचलतं. फूटभर पाण्यात छोटी कार सरकते, दोन फुटांत जीप तरंगते. ट्रॅक्टर जड आहे म्हणून जाईल हा गैरसमज आहे, कारण खालचा रपटा जागेवर आहे की खचला ते गढूळ पाण्यातून दिसत नाही.

धानबांदी

@पूसकाठ, त्यात झाडीपट्टीसाठी (भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे) एक भर. आपल्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, आणि गाव बहुतेक पाळीच्या खालच्या अंगाला. मे मध्ये पाळीवरून एक चक्कर मारा. सांडव्यात मासे अडवायला लावलेली जाळी, ताटवे, काट्याकुट्या काढून टाका. सांडवा अडला की पाणी पाळीवरून जातं, आणि मातीची पाळ वरून पाणी गेलं की टिकत नाही. तुडुमाजवळ (तलावातून पाणी सोडायच्या मोरीजवळ) ओल असेल तर पाणी बघा. स्वच्छ झिरपत असेल तर लक्ष ठेवा, गढूळ येत असेल तर आतली माती वाहतेय. त्याच दिवशी ग्रामपंचायत आणि पाटबंधारेवाल्यांना कळवा, खालची घरं हलवा.

ओळंबा

भिंतीवर कुणी बोललं नाही म्हणून.

मातीची भिंत मुसळधार पावसात पडते असं वाटतं. बहुतेकदा ती पडते झडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, किंवा पाऊस थांबल्यावर. पाणी वरून लागून नाही, बुडातून चढून. खालचा हातभर भाग मऊ होतो आणि वरचं वजन त्याला पेलवत नाही.

आधी दिसणाऱ्या खुणा: जमिनीपासून हातभर उंचीवर आडवी भेग. उभी भेग त्यामानानं बरी, आडवी वाईट. भिंतीचं पोट बाहेर येणं. दाराची चौकट आवळणं, काल लागणारं दार आज न लागणं. रात्री मातीचे कण सुटल्याचा आवाज. यातलं एक दिसलं तरी त्या खोलीत झोपू नका.

करायचं काय: भिंतीलगत बाहेरून मातीचा उतार द्या, भिंतीकडे उंच, दोन हातांत किमान चार बोटं उतरता. नुसता सिमेंटचा पट्टा बुडाला लावू नका. आतली ओल बाहेर पडत नाही आणि माती पट्ट्यामागं सडते. पागोळी भिंतीपासून दीड-दोन फूट लांब पडली पाहिजे, कवेलू सरकले असतील तर आता फेरा. खाट लांब, मधे आडवी भिंत नसलेल्या भिंतीला लावू नका. त्रिकोणी भिंतीखाली तर नाहीच.

टिनावर दगड ठेवणं बंद करा. वारा टिन खालून उचलतो; दगड घरंगळतो आणि झोपलेल्याच्या डोक्यात येतो. कडेची पहिली रांग सुटली की बाकीची पाठोपाठ जातात, म्हणून कडेच्या रांगेत जे-हुक दाट ठेवा, बाकीकडे विरळ चालतील. हुक टिनाच्या उंचवट्यावर, खोलगटात नाही. वॉशर कुजले असतील तर बदला. आणि वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतील तर हुकांनी काही होणार नाही, अख्खं छप्पर उडेल. वासा तारेनं खाली भिंतीतल्या आडव्या लाकडाला आवळा.

चिल्लर

त्रिकोणी भिंत म्हणजे आडवांगाची, जिच्यावर आढं टेकते थेच ना?

ओळंबा

हाओ, तीच.

टीसीएल

विहिरीचं सांगतो. पूर ओसरला की पुढचे दिवस हगवण-काविळीचे. दर गावात जलसुरक्षक असतो, पण घरची विहीर तुमची तुम्हालाच बघायची आहे.

पाणी किती ते काढा: व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली मीटरमध्ये, गुणिले ७८५. उत्तर लिटरमध्ये. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी: ९ × ४ × ७८५ = २८,२६० लिटर.

ताज्या टीसीएल (ब्लिचिंग) पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन असतं. एरवी हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे वरच्या विहिरीला ७० ग्रॅम. पुरानंतर गढूळ पाण्याला दुप्पट, १४० ग्रॅम.

पावडर थेट विहिरीत ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त नको, म्हणजे १४० ग्रॅमला दोन बादल्या. खाली बसलेला चुना फेकायचा. फक्त वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं पाण्याच्या आत सोडा आणि वर-खाली, आजूबाजूला हलवा. वरवर शिंपडलं तर वरच्या हातभर पाण्यातच राहतं. किमान तासभर पाणी काढू नका. उत्तम म्हणजे रात्री टाका, सकाळी भरा.

सकाळी ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करा. नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर सगळं परत. चाचणीचं पाणी प्यायचं नाही, फेकायचं. पाणी फारच गढूळ असेल तर क्लोरीन मातीतच खर्ची पडतं, त्यामुळे आधी उपसा करून मग टाका. विहीर पूर्ण बुडालेली असेल तर एकदा उपसून, भरू देऊन, मग मात्रा. पण भोवताली पाणी तुंबलेलं असताना कच्ची विहीर तळापर्यंत उपसू नका, बांध आत ढासळतो.

डीपी

गॅस सिलिंडर. भरलेलं १४.२ किलोचं सिलिंडर एकूण ३० किलोच्या आसपास आणि आतली जागा ३३ लिटरच्या वर, म्हणून रिकामंच नाही, भरलेलंही पाण्यावर तरंगतं आणि नळी तुटते. घर सोडताना रेग्युलेटर काढा, टोपण लावा, खांबाला साखळीनं बांधा.

पाणी मीटरपर्यंत चढलं असेल तर ओसरल्यावर मेन स्विच वर करायचा नाही, लाईनमननं बघेपर्यंत. तार पडली असेल तर १९१२.

आणि मिरगाआधीचं एक, कारण अजून नवतपा (मे अखेरचे तापणारे नऊ दिवस) आहे: कूलर. पत्र्याच्या कूलरचा पंप पाण्यात असतो, त्याचं इन्सुलेशन गेलं की सगळी बॉडी लाईव्ह. एमसीबी इथं वाचवत नाही, ती जास्त करंट ओढला तरच पडते. माणूस मरायला लागणारा करंट तिच्या मानानं फार थोडा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) पाहिजे, आणि तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. पाणी भरताना प्लग काढा.

उपकेंद्र

साप, ऊन, बाळंतपण. थोडक्यात.

मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलणं जड होणं, याला अपचन समजून घरी थांबलं की संपलं. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. चावल्यावर आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही. चावलेला हात-पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका आणि थेट ग्रामीण रुग्णालय. निघायच्या आधी फोन करून सर्पविषावरची लस आहे का विचारा.

उष्माघात: अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय तर तोंडानं पाणी देऊ नका. सावलीत, कपडे सैल, ओली चादर आणि वारा, काखेत-जांघेत बर्फ, १०८. शुद्धीत असेल तर ओआरएसचं पाकीट एका लिटरमध्ये, अर्ध्यात नाही. घरी करायचं तर लिटरला सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

जुलै ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणार असतील आणि गाव रपट्यापलीकडे असेल तर पाणी येण्याआधीच बाईला आरोग्य केंद्राजवळ हलवा. गडचिरोलीत त्यासाठी माहेरघर आहे. पर्लकोटा नदीवर (भामरागडजवळ) पाणी चढल्यावर खाटेवरून न्यायची वेळ आणू नका. सिकलसेल, बीपी, साखर, फिट यांच्या गोळ्या महिनाभराच्या आधी उचला.

कोतवाल

पंचनामा. नुकसान झाल्यावर घाईनं साफसफाई करू नका. आधी फोटो: घर दिसेल असा लांबून एक, भिंतीचा जवळून एक, पाण्याच्या डागाचा एक. मग तलाठ्याला कळवा.

जनावर मेलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा पंचनामा पाहिजे, आणि कानातला १२ अंकी बिल्ला दिसेल असा फोटो. बिल्ला नाही तर भांडण होतं. आताच मारून घ्या. घटसर्प आणि फऱ्याची लसही त्याच फेरीत होते. २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० रुपये आणि माणूस गेल्यास वारसाला ४ लाख ठरले होते. विजेनं माणूस गेला तर शवविच्छेदन टाळू नका. दुःखात घरचे नको म्हणतात आणि मग कारण सिद्ध करता येत नाही. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात सानुग्रह योजनेचा अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे.

पूर येणार असेल तर ढोरांचं दावं सोडा. गोठ्यात खुंट्याला बांधलेलं जनावर बुडतं. मोकळं असलं तर बरेचदा पोहून निघतं. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

चिल्लर

@टीसीएल भाऊ, मागच्या वर्षीची पावडर अर्धी थैली पडली आहे घरी. चालन का?

टीसीएल

तोंड उघडं राहिलं असेल तर नाही. हवा, ऊन, ओल लागली की क्लोरीन उडतं. वास मंद झाला, गाठी झाल्या म्हणजे निम्मी गेली समजा. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्याला वापरायची नसते. अंदाजानं दुप्पट टाकू नका, ग्रामपंचायतीतून नमुना तपासून घ्या. नवी आणाल ती एकदम १०-१५ किलो नको, दोन महिन्यांपुरती. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, अंधाऱ्या जागी, जमिनीपासून वर, आणि खत-कीटकनाशकाच्या खोलीत नाही. जुनी थैली संडासाच्या खड्ड्यात, गटारात टाकायला कामी येईल.